संदर्भांचे क्रमांक हाताने टाकू नका

वैद्यकीय नियतकालिकासाठी लेख लिहिताय? मग संदर्भांचे क्रमांक हाताने टाइप करू नका. बहुतेक ठिकाणी संदर्भ देण्याची व्हँकुव्हर पद्धत चालते आणि तिच्यात क्रमांक लेखातल्या पहिल्या उल्लेखानुसार पडतात. गाइडनी शेवटच्या दिवशी प्रस्तावनेत एक संदर्भ घालायला सांगितला (सांगतातच!) की पुढचे सगळे आकडे सरकतात. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, वर्डला जोडता येतं आणि ही सरकासरकी स्वतःच निस्तरतं.

तरी डोळे झाकून विसंबू नका. तयार झालेली एकेक नोंद वाचा. शेवटचा भाग साधारण असा दिसायला हवा: 2002;347(4):284-7. म्हणजे वर्ष, खंड, कंसात अंक, मग पानं. मध्ये कुठेही मोकळी जागा नाही, आणि 287 ऐवजी नुसता 7. नियतकालिकाचं संक्षिप्त नाव अंदाजाने बनवू नका, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये बघा.

लेखक किती द्यायचे, यावर मात्र एकमत नाही. अनेक जण पहिले सहा देऊन 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर') लिहितात. जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकामध्ये सहाहून जास्त लेखक असले तर पहिले तीनच. म्हणून लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचा आणि त्या नियतकालिकातला ताजा लेख शेजारी उघडून ताडून पाहा.

पाठवण्याआधी प्रत्येक संदर्भ पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर एकदा शोधा. मागे घेतलेल्या शोधनिबंधावर तिथे तसा ठळक शिक्का असतो.