बायोस अपडेट करताय? आधी बोर्डावरचं नाव पूर्ण वाचा आणि या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला ताईच्या मुलाचा फोन. "मावशी, पीसी मेला." काय केलंस विचारलं तर म्हणे काही नाही गं, फक्त नवीन प्रोसेसर लावला. "काही नाही, फक्त" असं जिथे ऐकू येतं तिथे माझे दोन तास गेलेच समजायचे. मी इंदूरला भंवरकुआँच्या एका कोचिंगची लॅब सांभाळते, चाळीसेक पीसी, त्यामुळे घरात कोणाचा प्रिंटर अडकला तरी फोन मलाच.

लोकमान्य नगरला पोचले तर केस आडवी, पंखे मस्त फिरतायत, लाइटा चमकतायत आणि मॉनिटर काळा ठिक्कर. मदरबोर्ड बी४५०, म्हणजे २०१८ सालचा चिपसेट, जुना प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ २६०० आणि नवीन आणलेला रायझन ५ ५६००. दुकानवाला म्हणाला होता, "सेम सॉकेट है भिया, डायरेक्ट लगेगा." तो खोटं नाही बोलला, सॉकेट दोन्हीचं एएम४च. पण ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये आणि ह्या बोर्डातला बायोस (पीसी चालू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) २०१९चा, म्हणजे दारावर पाहुणा उभा आहे आणि घरच्यांना तो कोण हेच माहीत नाही, मग दार उघडणार कोण.

आधी प्रोसेसर बदलला, बायोस राहिला

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. क्रम उलटा पाहिजे: जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करा, पीसी नीट चालू होतोय बघा, मग बंद करून नवीन लावा. उलटं केलंत तर सगळं परत काढून जुना बसवावा लागतो, आणि तिथेच दुसरा घोळ होतो. एएम४च्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात, आणि कूलरखालची जुनी थर्मल पेस्ट सुकून अशी चिकटते की कूलर सरळ वर ओढला की सॉकेटचा लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासकट उपटून येतो. भाच्याने तेच केलं होतं. २६००च्या एका कोपऱ्यातल्या दोन पिना वाकलेल्या, त्याने मला सांगितलंच नव्हतं, मी बसवायला गेले तर प्रोसेसर खाली बसेना तेव्हा कळलं. मेकॅनिकल पेन्सिल घेतली, शिसं काढलं, रिकामं टोक पिनेवर चढवलं आणि केसभर केसभर करत सरळ केली. अर्धा तास. ताई चहा घेऊन आली तर तिला दारातच थांबवलं. तर कूलर काढायच्या आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग स्विच बंद करून कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा.

नाव अर्धंच वाचलं

आता खरी गोष्ट. लोकांना वाटतं फ्लॅश करणं, म्हणजे चिपमध्ये नवीन बायोस लिहिणं, धोक्याचं आहे, पण फ्लॅशिंग चार-पाच मिनिटांचं काम आहे आणि ते मशीन करतं, आपण वाट लावतो ती त्याच्या आधी, न वाचता. भाच्याने तोपर्यंत मोबाइलवर एक फाइल काढूनच ठेवली होती. मी विचारलं कुठल्या बोर्डाची, तर म्हणे बी४५०एमची. अरे पण बी४५०एम हे आडनाव झालं, नाव कुठे? आसूसचा प्राइम बी४५०एम-ए आणि प्राइम बी४५०एम-ए टू हे दोन वेगळे बोर्ड आहेत. गिगाबाईटचा डीएसथ्रीएच वेगळा, डीएसथ्रीएच व्ही२ वेगळा. वायफायवाला आणि बिनवायफायवाला ह्यांची पानंसुद्धा वेगळी असतात. आणि एवढं जुळलं तरी गिगाबाईटच्या बोर्डांवर रिव्हिजन बघावंच लागतं, रेव्ह १.० आणि रेव्ह १.१ ला बायोस वेगवेगळा असू शकतो. हे बोर्डाच्या काठावर बारीक पांढऱ्या अक्षरात छापलेलं असतं, आणि आपल्याकडे त्याच्यावर नेमकी धूळ बसलेली असते. मी जुन्या दाढीच्या ब्रशने झाडून मोबाइलचा टॉर्च तिरका मारते, सरळ मारला तर चकाकतं आणि एकचा सात दिसतो. फोटो काढून झूम करून वाचा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

पीसी चालू होत असेल तर विंडोजमध्ये सिस्टिम इन्फॉर्मेशन उघडा, तिथे बेसबोर्ड प्रॉडक्ट आणि बायोस व्हर्जन-डेट दिसते. सीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्रामच्या मेनबोर्ड टॅबमध्ये पण दिसतं. दोन्हीकडचं आणि बोर्डावरचं जुळलं की पुढे जा. बिलावर लिहिलेलं नाव धरू नका, बिलावर "मदरबोर्ड ४५०" एवढंच असतं बऱ्याचदा.

आणि हो, डेल, एचपी, लेनोवोचा तयार डबा असेल तर आतल्या बोर्डाचं नाव शोधत बसू नका, त्यांचा बायोस त्यांच्याच साइटवर, मॉडेल किंवा सर्व्हिस टॅग टाकून.

फाइल कुठून घेतली

गुगलवर बोर्डाचं नाव टाकलं की वरच्या दोन-चार लिंका ड्रायव्हर अपडेटर विकणाऱ्यांच्या असतात. तिकडे जायचं नाही. टेलिग्रामवर कोणी दिलेली नाही, यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमधली पण नाही. बोर्ड ज्या कंपनीचा तिच्या साइटवर सपोर्ट, त्यात तुमचं मॉडेल, त्यात बायोस. त्याच पानावर सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, तिथे तुमच्या प्रोसेसरसमोर लिहिलेलं असतं कुठल्या व्हर्जनपासून चालतो. भाच्याच्या वेळी हीच लिस्ट आधी उघडली, पाच मिनिटांत कळलं कुठलं व्हर्जन पाहिजे.

मग त्या व्हर्जनखालच्या दोन-तीन ओळी वाचा. त्या ओळी कोणी वाचत नाही आणि सगळं तिथेच असतं. काही जुन्या बोर्डांना सरळ शेवटच्या व्हर्जनवर उडी मारता येत नाही, मधलं एक आधी टाका असं तिथे लिहिलेलं असतं. कुठे लिहितात की ह्यानंतर मागे जाता येणार नाही. कुठे, ह्या व्हर्जनपासून अमुक जुने प्रोसेसर चालणार नाहीत, कारण जुन्या बोर्डांत बायोसची चिप १६ एमबीचीच असते, नवीन प्रोसेसरची माहिती भरायची तर जुन्यांची काढावी लागते. बीटा लिहिलेलं असेल तर, तुमचा प्रोसेसर फक्त त्याच व्हर्जनने चालणार असेल तरच घ्या.

आणि मुळात गरज आहे का? "नवीन आलंय म्हणून" हे कारण नाही. पण "चालतंय ना, मग हात लावू नको" हे पण नेहमी बरोबर नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते खराब होत होते, त्याचा उपाय २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) रूपात आला, आणि तो बायोसमधूनच मिळतो. कोणाकडे त्यातला आय७ किंवा आय९ असेल आणि विकत घेतल्यापासून बायोसला हात लागला नसेल तर त्याने हे वाचणं इथेच थांबवून आधी व्हर्जन तपासावं.

बिटलॉकर विसरलात

ही चूक माझी स्वतःची आहे. लॅबमधल्या एका लॅपटॉपचा बायोस अपडेट केला, सगळं सुरळीत, आणि रिस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन, ४८ आकड्यांची रिकव्हरी की द्या. ज्या सरांचा लॅपटॉप ते उज्जैनला लग्नात. मला माहीतच नव्हतं की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एनक्रिप्शन, चालू आहे, कारण विंडोज ११ वर बऱ्याच नवीन मशीनांत ते न विचारताच चालू असतं. सरांना मांडवातून बाहेर बोलावून त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून की वाचून घेतली, चार-चारदा "पाच की नऊ?" करत. आता मी आधी सेटिंगमध्ये बघते, चालू असेल तर बिटलॉकर सस्पेंड करते आणि की कागदावर लिहून ठेवते.

एएमडीत प्रोसेसर बदलला की अजून एक काळी स्क्रीन येते, एफटीपीएम (प्रोसेसरमधली कुलपाच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करू का, वाय की एन. बिटलॉकर नसेल तर वाय दाबा, काही होत नाही. असेल आणि की हातात नसेल तर एन दाबा आणि आधी की शोधा.

पेन ड्राइव्ह आणि लाइट

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, ८-१६ जीबीचा जुना चालतो, ६४ जीबीचा आणलात तर विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ बहुतेक दिसणारच नाही. झिप फाइल तशीच टाकू नका, उघडून आतली फाइल बाहेर ठेवा. मग बायोसमध्ये जाऊन तिथलंच टूल वापरा: आसूसला ईझी फ्लॅश, गिगाबाईटला क्यू-फ्लॅश, एमएसआयला एम-फ्लॅश, एएसरॉकला इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधून करायची पण टूलं मिळतात, मी डेस्कटॉपवर वापरत नाही, मधेच विंडोज लटकलं तर कोणाला सांगणार.

आता लाइट. इंदूरला पावसाळ्यात पहिला ढग गडगडला की अर्धा मोहल्ला अंधारात, हे सांगायला नको. यूपीएस असेल तर त्याच्यावर लावा. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच्या मागे बऱ्याचदा यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा खटका असतो, नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इतका वेळ लागतो की पंख्याला कळत नाही पण पीसी रिस्टार्ट होतो. आणि फ्लॅशच्या मधे रिस्टार्ट म्हणजे खेळ खल्लास. ताईकडे तो खटका नॉर्मलवरच होता, मी बदलला. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर पण लावलेला, दोन्ही.

सुरू केल्यावर हात मागे. पट्टी साठ टक्क्यांवर थांबल्यासारखी वाटते, मग पीसी स्वतःच बंद होतो, चालू होतो, परत बंद होतो. भाचा दोनदा पॉवर बटणाकडे गेला, दोनदा मी हातावर मारलं. डीडीआर५चे नवीन बोर्ड तर अपडेटनंतर पहिल्यांदा रॅम ट्रेन करताना, म्हणजे तिच्याशी जुळवून घेताना, कित्येक मिनिटं काळी स्क्रीन घेऊन बसतात, तेव्हाच लोक घाबरून प्लग काढतात. तोपर्यंत पोहे खा.

अपडेट झालं पण काहीतरी बिघडलंय

बिघडलेलं नसतं, सेटिंगा डिफॉल्टवर गेलेल्या असतात. पीसी हळू वाटतोय? एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) परत चालू करा, ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर धावत असेल. अँड्रॉइड एम्युलेटर चालत नाही? व्हर्च्युअलायझेशन परत चालू करा, एएमडीत त्याचं नाव एसव्हीएम. विंडोजच उठत नाही आणि इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणतंय? साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत) बघा, आधी रेड होता आणि आता एएचसीआय झाला असेल किंवा उलट. जुनं विंडोज असेल तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सेटिंग) बघा. पंखे बोंबलतायत तर फॅन कर्व्ह, म्हणजे पंख्यांच्या वेगाची सेटिंग. म्हणून मी अपडेटच्या आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढते. प्रोफाइल सेव्ह करून ठेवलेली नवीन व्हर्जनवर चालेलच असं नाही, फोटो चालतात.

खरंच मेलाच तर: आधी बंद करून, प्लग काढून सीआर२०३२ची बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा किंवा सीमॉस क्लिअरचा, म्हणजे बायोसच्या सेटिंगा पुसायचा, जंपर वापरा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच उठतो. मग मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेन ड्राइव्हवरून थेट बायोस भरायचं, बटण आहे का बघा, त्याला प्रोसेसर-रॅम काही लागत नाही, २४ पिनची आणि प्रोसेसरची पॉवर केबल पुरते, फक्त फाइलचं नाव त्यांना पाहिजे तेच द्यावं लागतं: एमएसआयला एमएसआय डॉट रॉम, गिगाबाईटला गिगाबाईट डॉट बिन, एएसरॉकला क्रिएटिव्ह डॉट रॉम, आसूसच्या झिपमध्ये नाव बदलणारं टूल असतं. आणि यूएसबी पण बायोस लिहिलेल्याच पोर्टात. हेही नसेल तर प्रोग्रामरवाल्याकडे, तो चिपला क्लिप लावून सीएच३४१ए नावाच्या प्रोग्रामरने बायोस परत भरतो. त्याला बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन सांगा, नाहीतर तो पण बी४५०एमचीच कुठली तरी टाकेल.

भाच्याचा पीसी पावणेबाराला ५६००वर उठला. जुना २६०० त्याने दुसऱ्याच दिवशी विकायला टाकला, मी जाहिरात काढायला लावली. महिनाभर डब्यात राहू दे, नवीन प्रोसेसरने नखरे केले तर बायोसमध्ये शिरायला तोच लागेल.