पालकांनी नंबर सेव्ह करावा, असं काय करायचं?

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातला पालक असो की धडगावच्या पाड्यावरचा, मुलाच्या शिक्षकाला तो मोबाइलमध्ये एकाच ठिकाणी शोधतो, व्हॉट्सॲपवर. ब्लॉग, यूट्यूब, फेसबुक पेज हे सगळं त्यानंतरचं. बरेच शिक्षक उलटीकडून सुरुवात करतात. आधी चॅनलचा लोगो बनतो, आणि पालकांना उद्या सुट्टी आहे की नाही हे शेजारच्या पोराकडून कळतं.

नंबर आणि प्रोफाइल

शाळेसाठी वेगळं सिम घ्या. घेण्याआधी शाळेच्या गावात कोणत्या कंपनीची रेंज येते ते तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा. तालुक्याला फुल दिसणारी रेंज सातपुड्याच्या पायथ्याशी टिकेलच असं नाही. या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस लावा. ते फुकट आहे आणि साध्या व्हॉट्सॲपच्या जोडीला त्याच फोनवर चालतं, फक्त एकच नंबर दोन्ही ॲपवर चालत नाही. लावल्या लावल्या सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन टाका. ओटीपी मागून अकाउंट पळवणाऱ्यांना शिक्षकाचा नंबर फार सोयीचा असतो, कारण त्यावरून आलेल्या पैशाच्या मागणीवर पालक लगेच विश्वास ठेवतात.

नाव नुसतं ‘पाटील सर’ ठेवू नका. खान्देशात एकाच केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, तीन-चार पाटील सर निघतात. ‘पाटील सर, ४ थी, जि. प. शाळा’ आणि पुढे गावाचं नाव, असं लिहा. फोटो स्वतःचा, उजेडात काढलेला, चेहरा ओळखू येईल असा हवा. देवाचा, फुलांचा किंवा वर्गातल्या मुलांचा नको. माहितीच्या जागेत शाळेची वेळ आणि फोन करायची वेळ टाका.

मग अवे मेसेज लावा. शाळेच्या वेळेत तो आपोआप जाईल असं वेळापत्रक ॲपमध्येच देता येतं:

‘नमस्कार. आत्ता वर्ग सुरू आहे. संध्याकाळी ६ ते ७ मध्ये उत्तर देतो. मूल आजारी असेल किंवा लवकर न्यायचं असेल तर मेसेज नको, फोन करा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की पालक मेसेज टाकून निश्चिंत होतो आणि शिक्षक तो चार तासांनी वाचतो.

नंबर गोळा करताना

हजेरीवरचा जुना नंबर धरून चालू नका. रिचार्ज संपून बरेच दिवस पडून राहिलेलं सिम बंद होतं आणि तोच नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. तो तसाच ग्रुपमध्ये राहिला तर अनोळखी माणूस तुमच्या वर्गातल्या मुलांची माहिती वाचत बसतो. म्हणून जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, असा वर्षातून दोनदा प्रत्येक नंबर फोन करून तपासा.

प्रत्येक मुलामागे दोन नंबर घ्या आणि वहीत तिसरा रकाना ठेवा, ‘फोन संध्याकाळी कुणाजवळ असतो?’ बाप फोन घेऊन कापूस वेचायच्या मजुरांची गाडी न्यायला गेला असेल, तर आईपर्यंत काहीच पोचत नाही. घरातला खरा वाचक पुष्कळदा नववी-दहावीतली बहीण असते. तिचं नावही टिपून ठेवा.

पालक सभेत सगळ्यांना तुमचा नंबर जागेवरच सेव्ह करायला लावा. हे पुढच्या मेसेजइतकंच महत्त्वाचं आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. ‘मी पाठवलं होतं’, ‘आम्हाला आलंच नाही’ हा वाद बहुतेक वेळा इथूनच निघतो आणि दोघंही खरं बोलत असतात.

ग्रुप कसा ठेवायचा

ग्रुप बनवला की त्याच मिनिटाला सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे चालू करा. आठवड्याने केलं तर कुणाला तरी वाटतं की आपलं तोंड बंद केलं. पहिल्या मेसेजमध्ये कारण सांगून टाका: इथे फक्त शाळेची सूचना येईल, प्रश्न असेल तर मला खाजगीत विचारा.

साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि आयांना त्याचा त्रास होतो. गावात असा प्रसंग येण्याची भीती असेल तर व्हॉट्सॲप कम्युनिटी बनवून तिचा सूचना-ग्रुपच तेवढा वापरा. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात.

काय पाठवायचं

आठवड्याला तीन मेसेज पुरतात. सोमवारी या आठवड्यात काय शिकणार, मधल्या वारी घरी करायची एक गोष्ट, शनिवारी पुढच्या आठवड्यातल्या सुट्ट्या आणि आणायच्या वस्तू. रोजचे सुविचार आणि गुड मॉर्निंगची फुलं टाकू नका. पालक ग्रुप म्यूट करतो, आणि मग परीक्षेची तारीखही म्यूटमध्येच जाते. वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. त्याआधी माणसं शेतातून परतलेली नसतात आणि त्यानंतर फोन चार्जिंगला लागतो.

मेसेज टाईप करूनच पाठवा. नोटिशीचा फोटो मोठा करून वाचावा लागतो आणि नंतर शोधता येत नाही. शाळेच्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेला मजकूर कॉपी केला तर मोबाइलवर नुसती विचित्र चिन्हं दिसतात, कारण ते फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या फोनवर सारखे दिसणारे, नाहीत. फोनच्या जीबोर्डवर मराठीत बोलून टाईप करणं सोपं, पण पाठवण्याआधी तारखा आणि नावं एकदा वाचा.

आणि प्रत्येक महत्त्वाच्या मेसेजखाली ४० सेकंदांचा व्हॉइस मेसेज जोडा, घरी बोलतात त्या बोलीत. धुळे-अमळनेरकडे अहिराणीत: ‘सोमवारले शाळामा पालकस्नी सभा शे. माय-बाप दोन्ही या.’ यावल-रावेरला लेवा गणबोली, चोपडा-शिरपूर-धडगावच्या डोंगरी भागात पावरी, अक्कलकुव्याकडे भिली. स्वतःला येत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईकडून बोलून घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात, तेव्हा माणूस सापडतो. न वाचता येणाऱ्या आजीपर्यंत पोचणारा रस्ता हाच आहे, आणि आपल्या बोलीत बोलणाऱ्या शिक्षकाला लोक उलट फोन करतात.

ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची वेगळी यादी ठेवा. दिवाळीनंतर ते निघण्याआधी मुकादमाचा नंबर घ्या आणि मूल गावात आजीकडे राहणार की सोबत जाणार ते विचारा. सोबत जाणार असेल तर आठवड्याचा अभ्यास दोन ओळींत आणि एका व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा. व्हिडिओ पाठवू नका, तिथे नेट टिकत नाही.

गुण, फोटो आणि तक्रार

एका मुलाचे गुण, फी, आजार किंवा गैरहजेरी ग्रुपवर कधीही लिहू नका. कौतुकसुद्धा जपून. दर वेळी तीच दोन नावं आली की बाकीचे पालक गप्प होतात.

फोटोसाठी प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्या. ‘वर्गाच्या ग्रुपवर चालेल’ आणि ‘सार्वजनिक पेजवर चालेल’ असे दोन वेगळे चौकोन ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती हाच पाया आहे. सार्वजनिक ठिकाणी टाकायचा फोटो पाठमोरा, हातांचा किंवा वहीचा घ्या. नाव, गाव आणि चेहरा एकत्र देऊ नका.

चिडलेल्या पालकाला लिहून उत्तर देऊ नका. ‘भाऊ, संध्याकाळी सहाला फोन करतो’ एवढंच लिहा आणि ठरल्या वेळी करा. लेखी वादाचे स्क्रीनशॉट गावभर फिरतात, फोनवर मात्र पहिल्या दोन मिनिटांत आवाज खाली येतो.

ब्लॉग आणि यूट्यूब

वर्षभर ग्रुप नीट चालला की मग. गुगल साइट्सवर एक पान पुरे: वेळापत्रक, सुट्ट्या, गृहपाठ, संपर्काची वेळ. यूट्यूबवर पाठाचे व्हिडिओ टाकताना ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय निवडा, कमेंट आपोआप बंद होतात. फक्त वर्गासाठी असेल तर ‘अनलिस्टेड’, म्हणजे शोधात न येणारा, ठेवा, पण लिंक ज्याच्याकडे जाईल त्याला तो दिसतो हे लक्षात असू द्या. या पानावर खाजगी क्लासची जाहिरात नको, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी १९६७ चे वर्तणूक नियम वाचून घ्यावेत आणि पेज उघडण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी कळवावं.

बदलीची ऑर्डर आली की ग्रुप डिलीट करू नका. नव्या शिक्षकाला आणि मुख्याध्यापकांना ॲडमिन करा, सगळ्यांची ओळख करून देणारा एक व्हॉइस मेसेज टाका, नंबरांची वही शाळेत जमा करा, आणि महिनाभराने स्वतः बाहेर पडा.