पावसाळ्यात गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा सांभाळावा

हतनूर धरणातून विसर्ग वाढला की तापीकाठच्या गावांत पाण्याआधी व्हिडिओ पोहोचतात, आणि त्यांतले काही दुसऱ्याच नदीचे, तर काही जुन्या पुराचे असू शकतात. ऑगस्ट 2021 मधल्या चाळीसगावच्या पुराची दृश्ये आज कोणी टाकली, तर बघणाऱ्याला ती आजचीच वाटतील. म्हणून तारीख, वेळ आणि ठिकाण नसलेला कोणताही मजकूर पुढे जाणार नाही, हा नियम ग्रुप चालवणाऱ्याने मृगाआधीच सर्वांना सांगून ठेवावा. संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे असे समजावे. तो खरा की खोटा, हे त्या बाणावरून कळत नाही.

आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. हतनूरला 41 दरवाजे आहेत, परंतु ‘सगळे दरवाजे उघडले’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण दरवाजे अर्धा मीटर उचलले की पूर्ण, यावर पाण्याचे प्रमाण अवलंबून असते. एककही तपासावे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. 1 क्युमेक म्हणजे सुमारे 35 क्युसेक. घाईत कोणी 1,000 क्युमेकच्या जागी 1,000 क्युसेक लिहिले, तर नदीकाठचा माणूस निर्धास्त झोपतो. उलट चूक झाली, तर गाव उगाच रात्र जागून काढते, आणि दोनदा असे जागलेले गाव तिसऱ्या, खऱ्या इशाऱ्याला उठेलच असे नाही.

संदेश असा असावा: ‘हतनूर, आज दुपारी 4 वाजता. विसर्ग अमुक क्युसेक, वाढण्याची शक्यता. नदीकाठची जनावरे आणि पाण्याच्या मोटारी अंधार पडण्याआधी वर आणाव्यात. माहिती: पाटबंधारे विभाग.’ काय करायचे हे न सांगणारा इशारा नुसती घबराट वाढवतो. शंका असल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर विचारावे. अफवेची किंमत आपल्या भागाने मोजलेली आहे: 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठार मारले.

ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांची यादी मात्र कागदावर करावी: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, केळीच्या बागांतले मजूर, मळ्यातले सालदार. त्यांच्यासाठी देवळावरचा भोंगा किंवा दवंडी लागते. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या ज्या पाड्यांवर रेंज नाही, तिथून व्हिडिओ येत नाही म्हणून तिथे नुकसान नाही असे मानू नये. उलट तिथली खबर आणायला माणूस पाठवावा.

विसर्ग कमी झाला की तेही वेळेसह ग्रुपवर लिहावे, नाहीतर सकाळचा इशारा संध्याकाळपर्यंत फिरत राहतो.