टोबी जग घ्यायला निघण्याआधी

रविवारी पहाटे कार बूट सेलला, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजाराला, जायचं असेल, तर पिशवी शनिवारी रात्रीच भरून ठेवा. चांगल्या उजेडाची टॉर्च, भिंग, मोजपट्टी, ओला रुमाल, गुंडाळायला जुना टॉवेल आणि सुटे पाउंड. इंग्लंडमधल्या या मैदानी बाजारांत चिनीमातीचे माणसाच्या रूपातले जग, म्हणजे पेय ओतायची मुठीची भांडी, अजूनही बऱ्यापैकी मिळतात.

काय शोधतोय ते आधी पक्कं करा. तिकोनी टोपी घालून, बिअरचा मग धरून बसलेला अख्खा माणूस म्हणजे टोबी जग. तो स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी 1760 च्या दशकापासून घडवला. नुसतं डोकं आणि खांदे असतील तर तो कॅरेक्टर जग. रॉयल डौल्टन या इंग्लिश चिनीमाती कंपनीच्या चार्ल्स नोक यांनी 1934 मध्ये ‘जॉन बार्लीकॉर्न’ आणला आणि हा प्रकार घरोघरी गेला. नवख्या माणसाने डौल्टनपासूनच सुरुवात करावी, कारण त्यांच्या बुडावर वाचण्यासारखं पुष्कळ असतं.

म्हणून चेहऱ्यात गुंतण्याआधी जग उलटा करा. मुकुटावर उभा सिंह हा डौल्टनचा शिक्का. ‘डी’ने सुरू होणारा आकडा त्या नमुन्याचा असतो, तुमच्या हातातल्या जगाचा नव्हे. कॉपीराइटचं सालही नमुन्याच्या नोंदणीचं. जग त्यानंतर कित्येक वर्षांनी भट्टीतून निघालेला असू शकतो. काही जुन्या जगांवर मात्र शिक्क्याच्या बाजूला एक छोटा आकडा असतो. त्यात 1927 मिळवा: 13 असेल तर 1940. शिक्क्यावर आडवी रेघ ओरखडलेली दिसली, तर कारखान्यानेच तो दुय्यम ठरवलाय असं समजा.

मग मूठ बघा. मला तर या जगांची खरी गंमत तिथेच वाटते. ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरीतला चाचा लाँग जॉन सिल्व्हर, त्याच्या खांद्यामागे पोपट बसलेला असतो, तीच त्याची मूठ. इंग्लंडची राणी ॲन बोलिन हिच्या जगाची मूठ कुऱ्हाड आणि ठोकळ्याची आहे. तिचा शिरच्छेद आठवला की हात क्षणभर थबकतो. वाटमाऱ्या डिक टर्पिनच्या पहिल्या जगाला पिस्तुलाची मूठ होती, नंतरच्याला घोड्याची. नाव एकच, पण जग दोन, म्हणून भावही वेगळे. विदूषकाचे केस तांबडे की पांढरे, दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या डोक्यावर टोपी आहे की नाही, अशा बारकाव्यांवरही किंमत ठरते. बिनटोपीचा ड्रेक क्वचितच हाती लागतो.

आता तब्येत. माठ घेताना वाजवून बघतो तसं जग तळहातावर ठेवून बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. टोपीची कड, नाकाचा शेंडा आणि मुठीचे सांधे यांवरून नख फिरवा. माझ्या पहिल्या जगाचं नाक बेमालूम चिकटवून रंगवलेलं होतं. घरी येऊन ओल्या रुमालाने पुसताना तिथला पृष्ठभाग बाकीच्या चकाकीपेक्षा मऊ लागला, तेव्हा कळलं. तेव्हापासून रुमाल माझ्या पिशवीत असतो, आणि पुसून बघू का, हे विक्रेत्याला विचारूनच मी तो काढते. घरी अतिनील टॉर्च असेल तर अंधारात तीही मारून बघा. नंतर चढवलेला रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो.

उंची मोजायला विसरू नका. एकच चेहरा मोठ्या, लहान आणि अगदी मिनिएचर आकारात येतो.

भावासाठी ऑनलाइन लावलेल्या किमती बघू नका. लिलावात तसाच जग खरोखर कितीला गेला ते निघण्याआधी वहीत उतरवून घ्या. एकेकाळी उत्साहाने जमवलेले नेहमीचे डौल्टन आज पूर्वीपेक्षा बरेच स्वस्त झालेत. त्यामुळे फक्त जुना आहे म्हणून जास्त मोजू नका, आणि टवका उडालेला असेल तर आकडा निम्म्याहून खाली आणायला संकोचू नका.

सौदा पटला की जग मुठीला धरून उचलू नका. दोन्ही हातांत घ्या, पोकळीत रुमाल कोंबा आणि टॉवेलमध्ये नाक वर ठेवून गुंडाळा.