हरभऱ्यातली घाटे अळी : फवारणीआधी शेतातली अन्नसाखळी बघा

हरभऱ्याला कळी धरायला लागली की घाटे अळीचे पतंग शेतात उतरतात. त्यात दोन दिवस आभाळ भरून आलं की औषधाच्या दुकानापुढे गर्दी होते. त्या गर्दीत जाण्याआधी सकाळी एक चक्कर शेतात मारा, आणि घरात नववी-दहावीचं पोर असेल तर त्यालाही सोबत न्या. शाळेत तो अन्नसाखळी शिकतोय. तीच साखळी आपल्या ओळींमध्ये चालू आहे आणि फवारणीचा खर्च कधी करायचा हे तिच्यावरूनच ठरतं.

या साखळीत हरभरा हा उत्पादक. त्याचा पाला आणि घाटे (शेंगा) खाणारी अळी ही प्राथमिक भक्षक. अळीवर जगणारे साळुंकी-कोतवालासारखे पक्षी, कोळी, आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्या हे द्वितीय भक्षक. एका पातळीवरून वरच्या पातळीवर साधारण 10 टक्केच ऊर्जा पोचते, म्हणून अळ्या भरपूर आणि त्यांना खाणारे थोडे असतात. जहाल औषधाने दोघेही मरतात. पण अळीची एकेक मादी शेकडो अंडी घालते, तर तिच्यावर जगणारे मित्रकीटक अळी मिळाली तरच वाढतात, म्हणजे नेहमी मागून येतात. मधले दिवस अळीला रान मोकळं. शिवाय वारंवार तेच औषध मारलं की त्याला दाद न देणाऱ्या अळ्याच मागे उरतात आणि त्यांचीच पिढी वाढते. 1987 मध्ये आंध्रच्या कापूस पट्ट्यात हीच अळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड या गटातल्या कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली, ती अशीच.

हरभऱ्याची एक गोष्ट वेगळी आहे. पहाटे पानांवर जी आंब येते, तिच्यात मॅलिक आम्ल असतं. या आंबेमुळे ट्रायकोग्रामासारख्या, पतंगाच्या अंड्यातच वाढणाऱ्या इवल्या माशीचा या पिकात निभाव लागत नाही. त्यामुळे कपाशीत चालणारी ट्रायकोकार्डं (या माशीची पिल्लं असलेली कार्डं) इथे लावण्यात पैसे घालू नका. इथला खरा कामकरी कॅम्पोलेटिस. ही बारीक काळपट माशी लहान अळीच्या पोटात अंडं घालते आणि अळी घाट्यापर्यंत पोचण्याआधीच मरते. पानावर मेलेल्या अळीच्या वाळक्या कातड्याजवळ काळे ठिपके असलेला राखाडी-पांढरा लहानसा कोष दिसला की समजा, ती कामाला लागली आहे. असे कोष जागोजाग दिसत असतील तर पंप बाहेर काढण्याची घाई करू नका. या माशीला फुलांतला मध लागतो, म्हणून हरभऱ्यात धण्याच्या ओळी असणं फायद्याचं. पुढच्या पेरणीत हे नक्की करा.

पक्ष्यांसाठी हेक्टरी 50 पक्षी थांबे लावा, पिकापेक्षा हातभर उंच. पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली असेल तर तीच ताटं थांब्याचं काम करतात. दाणे पक्व व्हायला लागले की थांबे काढून घ्या.

आता मोजणी. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, हेक्टरी 5 लावा. सलग तीन दिवस सापळ्यात रोज 8 ते 10 पतंग पडले की सावध व्हा. मग एकरात वेगवेगळ्या 10 ठिकाणी मीटरभर ओळ तपासा. नुसत्या बांधाकडेच्या ओळी बघून अंदाज बांधू नका. मीटरमागे सरासरी 1 ते 2 अळ्या किंवा 5 टक्के घाटे पोखरलेले, ही आर्थिक नुकसानीची पातळी. त्याखाली असाल तर रासायनिक फवारणीचा खर्च वाचलेल्या घाट्यांतून निघत नाही.

पीक निम्मं फुलोऱ्यात आलं की पहिली फवारणी 5 टक्के निंबोळी अर्काची करा. 5 किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून गाळा आणि एकूण 100 लिटर पाणी करा. अळ्या लहान असतील तर एचएएनपीव्ही, म्हणजे घाटे अळीला रोग लावणारा विषाणू, हेक्टरी 500 एल.ई. (विषाणूचं प्रमाण मोजायचं एकक) संध्याकाळी फवारा. उन्हात हा विषाणू निकामी होतो, म्हणून संध्याकाळच. अळ्या लगेच मरत नाहीत, आठवडाभर धीर धरावा लागतो. मग शेंड्याकडे डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या काळ्या अळ्या दिसतात. त्या फुटल्या की त्यातला विषाणू इतर अळ्यांपर्यंत पोचतो. हा विषाणू याच अळीला लागतो, मित्रकीटकांना नाही.

एवढं करूनही अळ्या पातळीच्या वर गेल्या आणि मोठ्या झाल्या, तरच इमामेक्टिन बेन्झोएट हे रासायनिक कीटकनाशक, 5 टक्के एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे), 10 लिटर पाण्यात 4.4 ग्रॅम. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेनेच फवारणी, आणि लेबलवरचा काढणीपूर्व काळ (शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर) पाळा. दोन औषधं मनाने एकत्र करू नका.

काढणी झाली की उन्हाळ्यात खोल नांगरट करा. घाटे अळीचे कोष जमिनीतच असतात. ते वर आले की काही उन्हाने मरतात, बाकीचे नांगरामागे चालणारे बगळे आणि साळुंक्या वेचतात.