घरचा नोकरदार गेला, तर अनुकंपाचा अर्ज असा करा

मी जिल्हा परिषदेत आस्थापनेचं टेबल सांभाळलं. दारव्हा, आर्णीकडच्या वहिनी तेरवी झाल्यावर कागद घेऊन यायच्या. त्यांना सांगायचो तेच लिहितो.

पेन्शनच्या कागदांसोबतच अनुकंपाचा, म्हणजे सेवेत असताना वारलेल्या सरकारी कर्मचाऱ्याच्या घरच्या एकाला नोकरी मिळावी म्हणून करायचा अर्ज द्या. सोयाबीन निघाल्यावर पाहू, असं म्हणून वर्ष उलटू देऊ नका. आधी घरात बसून नाव ठरवा. नोकरी एकालाच, तीही गट क (कारकुनासारखी) किंवा गट ड (शिपायासारखी) मधली, आणि बाकी वारसांचं ना हरकत लागते. सही अडते ती इथंच. दीर-सासऱ्यांचं ऐका, पण नाव बाईनंच सांगावं. लेकीचं लग्न झालं म्हणून तिला वगळू नका, विवाहित मुलगीही पात्र आहे. वयाची 45 वर्षं ओलांडली की प्रतीक्षासूचीतून, म्हणजे नोकरीसाठी थांबलेल्यांच्या यादीतून, नाव निघते, म्हणून आईचं वय जास्त असेल तर शिकलेल्या लेकराचं नाव द्या, असं माझं मत.

मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, शिक्षणाचे दाखले, कुटुंब सांभाळायचं हमीपत्र जोडा. अर्ज नवरा ज्या कार्यालयात होता तिथंच द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. दरवर्षी यादीतला आपला क्रमांक पाहून या.