बुद्धिबळाच्या ब्लिट्झमध्ये (झटपट डावांत) हातातले डाव हत्तींच्या एंडगेममध्ये (मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) निसटत होते, उपाय सापडला

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर ३+० (प्रत्येकी ३ मिनिटं, चालीमागे जादा वेळ नाही) खेळताना माझं एक प्यादं जास्त असायचं, पण पटावर फक्त हत्ती उरले की डाव बरोबरीत सुटायचा नाहीतर वेळ संपून घड्याळावर जायचा. नव्या ओपनिंग पाठ केल्या, पझल्सचा रतीब घातला, रेटिंग ढिम्म. जाम वैताग.

काम झालं ते असं. आधी ३+० बंद, ५+३ सुरू. दर चालीला ३ सेकंद मिळाले की एंडगेम निदान खेळता तरी येतो. मग बोर्ड एडिटरमध्ये लुसेना (एक प्यादं जास्त असलेल्याने जिंकायची हत्तींची प्रसिद्ध स्थिती) मांडली: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१; काळा राजा ई७, हत्ती एच२. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनसमोर पांढऱ्याने हत्ती ई१ शह, काळा राजा डी७. आता हत्ती ई४ (सगळी गोम इथेच). मग शह चुकवत राजा एफ७, जी६, एफ६, जी५, आणि शेवटचा शह हत्ती जी४वर आणून अडवायचा. पहिल्या शहाला काळा राजा एफ६वर गेला तर सरळ राजा एफ८.

हे डोळे झाकून जमल्यावरच फिलिडोर (एक प्यादं कमी असताना बरोबरी राखायची स्थिती), काळ्याकडून: हत्ती सहाव्या ओळीत धरायचा, पांढरं प्यादं तिथे पोचलं की हत्ती पहिल्या ओळीत नेऊन मागून शह.

खेळण्याची शैलीही बदलली. वजिरांची अदलाबदल टाळणारा मी आता ती स्वतःहून करतो, म्हणजे डाव एंडगेमकडे वळतो.